डोकं इकडं

खिंडीखालच्या ट्रकअड्ड्यावर सगळ्यात जास्त जमीन कुणाकडे, असं विचारलं की लोक मावशीच्या दाराकडे बोट दाखवत. जमीन म्हणजे शेत नव्हे, घराची जमीन. वीस पावलं लांब, बारा पावलं रुंद, मध्ये खांब नाही. कधीकाळी ते बटाट्याचं कोठार होतं. एका कोपऱ्यात चूल, दुसऱ्या कोपऱ्यात पलंग, खिडकीपाशी पाण्याची बादली, आणि उरलेली सगळी जागा रिकामी. रिकामी म्हणजे म्हणायला. तिथे कायम कुणाच्या तरी ट्रकची ताडपत्री पसरलेली असे. आलेली बाई दारात उभी राहून म्हणायची, "एवढं मोठं घर, आणि टेकायला म्हणून जागा नाही." मावशी मान वर न करता सांगायची, "ताडपत्रीवर बस. फक्त भोकावर बसू नकोस."

ती ताडपत्र्या शिवायची. शिवायची म्हणजे सांधायची. कोरी ताडपत्री तिने आयुष्यात शिवली नाही. तिच्याकडे यायच्या त्या फाटूनच. कधी दोर घासून फाटलेल्या, कधी झाडाची फांदी लागून, कधी उंदरांनी आतून आणि वाऱ्याने बाहेरून कुरतडलेल्या. अड्ड्यावरचे ड्रायव्हर तिची थट्टा करत, "मावशी, आभाळच फाटलं तर ठिगळ कुठं लावाल?" ती म्हणायची, "आधी इथं आणून टाका. मग बघू."

मावशी ती सगळ्यांचीच. तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा असलेला इंजिनचा मेस्त्रीही तिला मावशीच म्हणायचा. एकदा तिने त्याला विचारलं, "मेस्त्री, मी तुमची मावशी म्हणजे तुमची आई माझी बहीण. मग ती इतक्या वर्षांत एकदाही भेटायला कशी आली नाही?" मेस्त्री आठवडाभर तिच्या दारावरून गेला नाही.

त्या वेळी बोगदा नव्हता. आता डोंगराच्या पोटातून सरळ रस्ता झाला आहे. ट्रक एका बाजूने शिरतो आणि अकरा मिनिटांनी दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो, आणि त्या अकरा मिनिटांत सांगण्यासारखं काहीही घडत नाही. तेव्हा बावीस वळणं चढून खिंडीपर्यंत जावं लागायचं आणि पलीकडे तेवढीच उतरावी लागायची. मीठ वर, बटाटे खाली. त्या रस्त्याचा सगळा इतिहास-भूगोल या चार शब्दांत येतो. खिंडीपलीकडच्या गावांत माणसं होती, गुरं होती, बटाटा तर हवा तेवढा होता, मीठ नव्हतं. बर्फ पडून खिंड बंद व्हायच्या आधी सगळ्या हिवाळ्याचं मीठ, माणसांचं आणि गुरांचं, वर चढवावं लागे. मिठाचे ते तीन आठवडे अड्ड्यावर कुणाला धड जेवायला फुरसत नसे. इंजिनांचा घरघराट, डिझेलचा वास, हमालांचा आरडाओरडा, आणि या सगळ्याच्या मधोमध उघड्या दारातून दिसणारी, गुडघे मुडपून ताडपत्रीवर बसलेली मावशी. आता त्या जागी गाड्या धुण्याचं दुकान आहे. फार स्वच्छ जागा आहे.

गंमत अशी की मावशीने शिवलेलं कापड जग फिरून यायचं, आणि मावशी तिसऱ्या वळणाच्या पुढे कधी गेली नव्हती. तिसऱ्या वळणावर झरा होता, धुणं धुवायला तिथवर जावं लागे. त्याच्या वर जायचं तिला काही कारण पडलं नाही. "पलीकडं काय आहे ते मला ठाऊक आहे," ती म्हणायची. "पाऊस आहे. ताडपत्र्या सांगतात."

*

एकोणिसाव्या वर्षी ती सून म्हणून या कोठारात आली. नवरा देवमाणूस होता, म्हणजे काही करत नसे. काम करायची ती सासू. सासूबाईंच्या उजव्या तळहाताला चामड्याचा पट्टा कायम बांधलेला असे, कारण जाड कापडातून दाभण रेटायचं तर उघड्या हाताला भोक पडतं. लोक म्हणत, त्या पट्टा बांधूनच झोपतात. खोटं होतं. झोपताना त्या तो उशीखाली ठेवत.

सासूबाईंनी सुनेला शिकवलं ते एवढंच, की ताडपत्रीला डोकं असतं आणि शेपूट असतं. डोकं ट्रकच्या केबिनकडे, शेपूट मागे. शेपटाकडे गाडीचं नाव रंगवलेलं, मागून येणाऱ्याने वाचावं म्हणून. ठिगळाच्या तीन बाजू गच्च शिवायच्या. चौथी, शेपटाकडची, ढिल्या टाक्याने. ते ठिगळाचं तोंड. ट्रक पुढे धावतो, वारा आणि पाऊस समोरून येतात. तोंड मागे असलं तर पाणी वरून निघून जातं, आणि चुकून थेंब आत शिरलाच तर तोंडातून गळून पडतो. तेच तोंड पुढे झालं की ठिगळाची पिशवी होते, आणि पिशवी भरायला पावसाला किती वेळ लागतो?

"ठिगळ सुनेसारखं असावं," सासूबाई म्हणाल्या होत्या. "पाठ वाऱ्याला, तोंड मागं, आणि मिटलेलं."

"मिटलेलं कशाला?" विशीची सून म्हणाली. "तुम्हीच तर म्हणता टाका ढिला ठेव. आत गेलेलं बाहेर पडायला वाट नको?"

सासूबाईंनी दाभण थांबवून तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं. मग सुनेसारखंच."

त्या दिवसापासून दोघींचं जमलं. पुढे सासूबाई गेल्या, त्यांच्या मागोमाग कुणालाही त्रास न देता नवराही गेला, एकुलती लेक नर्स होऊन खाली शहरात स्थिरावली, आणि चामड्याचा पट्टा मावशीच्या उशीखाली आला. चाळीस वर्षांत तिच्या ठिगळाखालचा माल भिजला असं कुणी म्हटलं नाही. अड्ड्यावर अशी गोष्ट बोलून दाखवायची पद्धत नव्हती. पण मालाला ताडपत्री घातली की ड्रायव्हर विचारत, "हात कुणाचा?" आणि "मावशीचा" म्हटलं की पुढचं बोलणं दुसऱ्याच विषयावर होई.

*

डोळे जायला लागले ते दोन हिवाळे आधी. पहिल्यांदा उजवा, मग त्याच्या सोबतीला डावा. खिंडीवरून धुकं उतरावं तसं. मावशीने कुणाला सांगितलं नाही. सुतळीला मेण लावून ती जिभेच्या टोकाने दाभणात ओवू लागली. भोक बोटांनी चाचपू लागली. माणूस पावलांवरून, ट्रक आवाजावरून ओळखू लागली. राहता राहिलं डोकं-शेपूट. नाव वाचता येईना, पण तेलरंगाची अक्षरं वाळली की कापड पापडासारखं कडक होतं. त्या कडक भागावर तळवा ठेवला की शेपूट सापडे.

फक्त एका माणसाला फरक जाणवला होता, तो म्हणजे समोरचा चहावाला. पूर्वी कपाच्या कडेला डाग असला तर मावशी तो दारातूनच परत पाठवायची. दोन वर्षं झाली, तिची एकही तक्रार आली नव्हती. चहावाल्याला वाटलं, आपलं काम सुधारलं.

लेकीचा फोन चहाच्या दुकानात यायचा, दर आठवड्याला.

"आई, आता पुरे. इकडे ये. एक खोली तुझ्यासाठी रिकामी ठेवलीय."

"खोली केवढी?"

"माणसाला पुरेल एवढी."

"ताडपत्रीला?"

"आई!"

"हे बघ, ज्या दिवशी माझं एक ठिगळ चुकेल, त्या दिवशी पेटी भरते. शब्द आहे."

"तुझं चुकत नाही म्हणून तर असा शब्द देतेस."

"मग कशाला विचारतेस?"

चहावाला कपबशा विसळत हे सगळं ऐकायचा, आणि तो ऐकतो म्हणजे अड्डा ऐकतो. त्यामुळे अट सगळ्यांना पाठ होती. ठिगळ चुकलं की मावशी गेली.

*

सावकाश नावाचा एक ड्रायव्हर होता. आईबापांनी ठेवलेलं नाव वेगळं असणार, पण त्याच्या ताडपत्रीच्या शेपटाला हातभर उंचीच्या पांढऱ्या अक्षरांत 'सावकाश' असं लिहिलेलं होतं आणि तो चालवायचाही तसाच. त्याच्या मागे ट्रक अडकला की ड्रायव्हर म्हणत, "आता वर पोचेपर्यंत दाढी वाढलेली असणार." त्याच्याकडे क्लीनर कधी टिकला नाही. दोन-तीन ठेवून पाहिले. कंटाळून पायी पुढे निघून गेले, असं सांगत. पंचवीस वर्षं तो मावशीकडेच येत होता. त्याच्या ताडपत्रीवर तिच्या हातची एकोणीस ठिगळं होती. मूळ कापड किती उरलं होतं, हा वादाचा विषय होता.

मिठाच्या शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी त्याने विसावं भोक आणलं. ऐन मधोमध, दोन वीत लांब. "सातव्या वळणावर डांबराचं काम चाललंय," तो म्हणाला. "तिथं पिंपाला ताडपत्री अडकली. सकाळी मीठ भरतोय, मावशी. खिंड बंद व्हायच्या आत ही शेवटचीच खेप."

पहाटे अंधारात, गारठ्यात मावशीने ताडपत्री पसरली. एका टोकाला तळवा लावला. कडक. म्हणजे शेपूट. त्या बाजूला तोंड ठेवून तिने ठिगळ लावलं, टाके बोटांनी मोजले, घडी घातली. सावकाशने ती नेऊन मिठाच्या पोत्यांवर बांधली आणि आठच्या सुमाराला ट्रक पहिल्या गिअरमध्ये कण्हत निघून गेला. आभाळ स्वच्छ होतं. अर्थात इकडचं. पलीकडे दुपारनंतर पाऊस असतोच.

नऊ वाजता मावशी जेवायच्या आधी हात धुवायला बसली. पाणी कढत होतं. साबण लावला, हात पंच्याला पुसले, तर पंचा तळव्याला चिकटला. तिने पुन्हा धुतले. पुन्हा चिकटला. मग तिने तळवा नाकाशी नेला.

रंगाला वास नसतो. पंचवीस वर्षांपूर्वी वाळलेल्या रंगाला तर नसतोच. हा डांबराचा वास होता.

गारठ्यात डांबरही कडक होतं. सातव्या वळणावरच्या पिंपाचं डांबर ताडपत्रीच्या डोक्याला लागलं होतं, आणि मावशीने डोक्याला शेपूट समजून ठिगळाचं तोंड पुढे ठेवलं होतं. हिवाळ्याच्या मिठावर, बरोब्बर मधोमध, दोन वीत लांबीची पिशवी.

ताट तसंच झाकून ती उठली. मागून जाणारा ट्रक नव्हता, सगळे पहाटेच गेले होते. सातव्या वळणापर्यंत कुणाला सायकलवर पिटाळता आलं असतं. पण निरोप पाठवायचा म्हणजे निरोप्यालाही कळणार, आणि निरोप्याला कळलं की चहावाल्याला कळणार. तिने पट्टा, दाभण, सुतळीची गुंडी आणि मेणाचा गोळा पिशवीत टाकला आणि रस्ता ओलांडला.

"दाराकडं लक्ष ठेव रे."

"कुठं निघालात, मावशी?" चहावाल्याने विचारलं.

"वर."

"वर म्हणजे?"

"वर म्हणजे वर."

"असं अभद्र नका बोलू सकाळी सकाळी."

*

रस्ता बावीस वळणं घेत चढायचा. शेळ्यांची वाट ती सगळी वळणं कापत सरळ वर जायची. भरलेल्या ट्रकला, त्यातही सावकाशच्या ट्रकला, खिंडीत पोचायला चार तास लागत. मेंढपाळ वाटेने दोन तासांत जात. मावशी साठीला एक वर्ष कमी होती, आणि तिला समोरच्या दगडाचा फक्त रंग दिसत होता.

पण एका बाबतीत ती मेंढपाळांपेक्षा बरी होती. गेली दोन वर्षं ती पायांनी बघायला शिकली होती. पाऊल टाकायचं, भार द्यायच्या आधी विचारायचं, मग द्यायचा. तिसऱ्या वळणावर झऱ्याचं पाणी प्यायली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या वर गेली. तिथून पुढे सगळं नवं होतं, आणि नेमकं तेव्हाच बघायला डोळे नव्हते. तिला त्याचं हसू आलं. चढावर हसायला जास्तीचा दम लागतो, म्हणून तिने ते पुढे ढकललं.

सातव्या वळणावर डांबराचा तोच वास आला. तिने पिंपाला उद्देशून एक शब्द उच्चारला, जो सासूबाई फक्त उंदरांसाठी वापरत.

पंधराव्या वळणाच्या वर एक सपाट कातळ आहे. तिथे ती टेकली तेव्हा खालून आवाज आला. पहिल्या गिअरची ती रड आणि मध्येच दम लागल्यासारखा खंड. सावकाशच. ट्रक बरोबर तिच्या पायांखालून जात होता. चाळीस वर्षं ताडपत्र्या शिवल्या, पण बांधलेली ताडपत्री वरून ती पहिल्यांदा बघत होती. हिरवट लांबट डाग, आणि त्याच्या एका टोकाला पांढरा पट्टा. नाव. नाव तिला वाचता येत नव्हतं, पण ते कुठे आहे एवढं दिसलं.

पुढे होतं. केबिनवर.

म्हणजे सावकाशने ताडपत्री फिरवून बांधली होती. म्हणजे त्याने ठिगळ पाहिलं होतं. म्हणजे त्याला कळलं होतं, आणि तो काही न बोलता निघून गेला होता. मावशीला ते दाभण टोचावं तसं लागलं. चूक दाखवली असती तर भांडता आलं असतं. झाकून नेलेल्या चुकीशी कसं भांडायचं?

इथूनच परत फिरावं, असं तिच्या मनात आलं. तोंड मागे झालंच आहे, मीठ वाचेल, कुणी काही बोलणार नाही. ती उठलीसुद्धा. आणि मग तिच्या लक्षात आलं. विसावं ठिगळ सुलटं व्हावं म्हणून त्या शहाण्याने ताडपत्री फिरवली होती, तर आधीची एकोणीस उलटी झाली होती. एक तोंड मागे, एकोणीस तोंडं पुढे. वीस ठिगळांपैकी एकोणीस पिशव्या.

"अरे गाढवा," मावशी म्हणाली आणि चढायला लागली.

*

खिंडीत पाण्याची दगडी टाकी होती. तिथे थांबून सगळे इंजिनला पाणी पाजत. सावकाश बॉनेट उघडून डबा ओतत होता. समोरून मावशी येताना दिसली तेव्हा त्याने आधी मागे बघितलं, आणखी कुणी आहे का म्हणून.

"मावशी? तुम्ही इथं? कोण गेलं?"

"अजून कुणी नाही. ताडपत्री सोड."

"श्वास तरी घ्या."

"तो घेतेय. तू ताडपत्री सोड. नाव पुढं का घेतलंस?"

"मी कुठं घेतलं? तुम्हीच घेतलं." सावकाशने डबा खाली ठेवला. "नवं ठिगळ बघितलं ना सकाळी. तोंड नावाकडं नाही, दुसरीकडंच. म्हटलं, मावशीनं काहीतरी विचार करून केलं असणार. मग नाव पुढं घेतलं."

 मावशीने सगळ्याची तयारी केली होती. दया, टोमणा, सारवासारव. याची केली नव्हती.

"आणि बाकीची एकोणीस?" ती हळूच म्हणाली.

"ती जुनी. माणूस शहाणा होत जातो, म्हटलं." त्याने खांदे उडवले. "वाटेत समोरून येणारे सगळे हसले. म्हणाले, नाव पुढं म्हणजे गाडी रिव्हर्समध्ये चाललीय काय? म्हटलं, हात मावशीचा आहे. मग गप्प बसले."

पलीकडच्या दरीतून गार वारा वर येत होता, आणि त्याला ओल्या मातीचा वास होता. मावशीला एक वाट मोकळी होती. हो, विचार करूनच केलं होतं, पण आता विचार बदलला, एवढं म्हटलं असतं तर सावकाशने तेही मानलं असतं. पंचवीस वर्षं तो मानतच आला होता.

"विचार करून नाही केलं," ती म्हणाली. "चुकलं."

सावकाश हसला. "तुमचं चुकतं होय!"

"मला दिसत नाही, अरे. डांबर लागलेलं टोक मी शेपूट समजले."

तो हसायचा थांबला. "कधीपासून?"

"दोन हिवाळे."

"म्हणजे माझ्या गाडीवरची शेवटची पाच ठिगळं..."

"न बघता."

सावकाश चाकावर पाय ठेवून वर चढला, ताडपत्रीवर वाकून ती पाचही ठिगळं एकेक करून बघून आला आणि खाली उतरला. "चांगली आहेत की," तो म्हणाला.  मग त्याने विचारलं, "आता पेटी भरणार?"

"आधी मीठ. दोर सोड."

दोघांनी ताडपत्री फिरवली. खिंडीतल्या वाऱ्यात तेवढं कापड फिरवणं म्हणजे अडेल बैलाला गाडीला जुंपणं. दोनदा ती सावकाशला गुंडाळून घेऊन बसली, एकदा मावशीला. शेवटी नाव मागे गेलं, एकोणीस ठिगळांची तोंडं मागे झाली, आणि मावशी मिठाच्या पोत्यांवर चढून विसाव्यापाशी बसली. तिने हाताला पट्टा बांधला, जुने टाके उसवले, दाभण ओवलं. मग थांबली. चाळीस वर्षांत तिने हा प्रश्न कुणाला विचारला नव्हता.

"डोकं कुठं?"

सावकाशने केबिनच्या टपावर थाप मारली. "डोकं इकडं, मावशी."

तिने पहिला टाका घातला.

"ढग वर यायला लागलेत," सावकाश म्हणाला. "खालच्या माळापर्यंत आले. आता झाडं झाकली..."

"मला ढगाचं सांगू नकोस. सुतळीला पीळ पडलाय का तेवढं सांग."

"नाही."

"मग गप्प बैस."

शेवटची गाठ मारली तेव्हा पहिले थेंब पडत होते. सावकाशने दोर आवळले. "आता खाली कशा जाणार? वाट निसरडी होईल."

"खाली कशाला? पलीकडं," मावशी म्हणाली आणि केबिनचं दार चाचपून आत जाऊन बसली.

पलीकडची बावीस वळणं तिने पावसात उतरली. काचेतून तिला करडं सोडून काही दिसलं नाही. सावकाश मात्र सगळं सांगत होता. इथे ओढा, इथे बटाट्याची शेतं, इथे पूर्वी पूल होता. तो सांगायचाही सावकाश, त्यामुळे ओढा सांगून होईपर्यंत शेतं मागे पडत. मावशी डोळे मिटून ऐकत राहिली. पुढे कधी त्या प्रवासाचं बोलणं निघालं की ती म्हणायची, "फार सुंदर मुलूख आहे." आणि ते कुणाला खोटं वाटायचं नाही, तिलाही नाही.

गावच्या कोठारापाशी कोठीवाल्याने ताडपत्री उचलली, मधल्या पोत्यात हात खुपसला आणि बोट चाटलं. "खारट आहे," त्याने निर्वाळा दिला.

"मीठ आहे ते," मावशी म्हणाली. "कोरडं आहे का ते बोल."

"कोरडं म्हणजे? ठणठणीत."

तरी तिने स्वतः हात घालून बघितला. विसाव्याच्या खाली, मग एकोणिसाव्याच्या, मग उरलेल्यांच्या. मीठ बोटांमधून वाळूसारखं गळत होतं. तिच्या तळव्याच्या डांबराला चार खडे चिकटले, ते तिने पुसले नाहीत.

*

दुसऱ्या दिवशी अड्ड्यावर परतल्यावर तिने आपणहून लेकीला फोन लावला. चहावाल्याने नळ बंद केला.

"ठिगळ चुकलं," मावशी म्हणाली.

 मग लेक म्हणाली, "कधी येतेस?"

"चुकलं, पण मीठ भिजलं नाही."

"आई, अट ठिगळाची होती. मिठाची नव्हती."

"ठिगळ लावतात कशासाठी?"

लेक नर्स होती, वकील नव्हती. तिने आईला डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवायला नेलं. हे काढून टाकता येईल असलं धुकं नाही, एवढी गोष्ट सांगायला डॉक्टरने अर्धा तास घेतला. मावशी म्हणाली, "असेना," आणि परतीच्या बसने अड्ड्यावर आली.

सावकाशने कुणाला काही सांगितलं की नाही, हे कधी कळलं नाही. चहावाल्याने सांगितलं, हे विचारायचीही गरज नव्हती. एवढं खरं, की त्या हिवाळ्यानंतर जो ड्रायव्हर मावशीच्या दारात ताडपत्री टाकायचा, तो टाकता टाकता ओरडायचा, "डोकं इकडं!" दया नाही, चौकशी नाही, हाक दिल्यासारखं दोन शब्द. दोन-तीन वर्षांत ती अड्ड्याची रीतच झाली. नवे ड्रायव्हर आले, तेही ओरडू लागले. का ओरडायचं, ते त्यांनी विचारलं नाही. ताडपत्री टाकताना असंच म्हणतात, असं त्यांना वाटलं. चहावाल्याला कपही नीट धुवावे लागू लागले, कारण आता मावशी प्रत्येक कपाच्या कडेवरून बोट फिरवून बघायची.

चार वर्षांनी बोगदा उघडला. बोगद्यात पाऊस नसतो, आणि त्यातून जाणाऱ्या पत्र्याच्या बंद गाड्यांना ठिगळ लागत नाही. अड्डा एका महिन्यात ओसरला. मावशीचं शेवटपर्यंत दुसरं ठिगळ चुकलं नाही. चुकवायला ताडपत्र्याच उरल्या नाहीत.

तिचं सामान शहरात सावकाशनेच नेलं. एक पेटी, पलंग, गादी, बादली. एवढ्यासाठी आख्खा ट्रक, वर ताडपत्री, तिच्यावर आता एकतीस ठिगळं. एक दिवसाचा रस्ता त्याने दोन दिवसांत पार केला, आणि तिने एकदाही घाई केली नाही. बोगदा त्यांच्या वाटेवर नव्हताच, पण तसाही तिने तो कधी बघितला नाही.

लेकीने दिलेली खोली माणसाला पुरेल एवढीच होती. सावकाशने पलंग लावला, वर गादी टाकली, आणि टाकता टाकता सवयीने म्हणाला, "डोकं इकडं, मावशी."

लेक हसली. "अहो, गादीला कसलं डोकं?"

मावशीने गादीच्या कडेवरून बोट फिरवलं, शिवण चाचपली, सगळं टोकापासून टोकापर्यंत तपासलं, आणि मगच बसली. सावकाशवर तिचा विश्वास होता. पण याच माणसाने एकदा एकोणीस ठिगळं उलटी बांधली होती, हेही ती विसरली नव्हती.